कबड्डीतला ब

एक शिट्टी, दोन पांढरे शर्ट, दोन पांढऱ्या पँटी, पांढरे बूट, लुंगी आणि एक पातळ गोधडी. माझा संसार एवढ्यात मावतो. दिवाळी झाली की मी अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या खोलीला कुलूप लावतो आणि गावोगावच्या कबड्डी स्पर्धांना पंच म्हणून फिरतो. आज रोहा, परवा चिपळूण, मग देवगड, तिथून वर घाट चढून सांगलीकडे. पावसाळ्यात शाळांच्या स्पर्धा असतात, हॉलमध्ये मॅटवरचे सामने असतात, म्हणजे कुलूप तसं वर्षभरच असतं. शेजारीण म्हणते, "तुमच्या खोलीत तुमच्यापेक्षा पालीच जास्त राहतात. भाडं त्यांच्याकडूनच घ्यायला पाहिजे." लग्न जमलं नाही. जो माणूस घरी सापडतच नाही त्याला मुलगी कोण देणार? पण हे रडगाणं नाही. मला हे जगणं मनापासून आवडायचं, कारण समोरच्या रेषेवर तो उभा असायचा.

कबड्डीच्या मैदानाच्या दोन लांब बाजूंना दोन पंच असतात, समोरासमोर. त्यांचं पटलं नाही तर निवाडा करायला वर सरपंच. म्हणजे अख्खा सामना एका पंचाला खेळाडूंच्या पलीकडे दुसऱ्या पंचाचं तोंड दिसत असतं. मला जे तोंड दिसायचं ते माझ्या जोडीदाराचं. तो बदलापूरचा. घरी तो आणि वहिनी, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. आम्ही एकमेकांना कधी नावानं हाक मारली नाही. मी त्याला पंच म्हणायचो, तो मला पंच म्हणायचा. मंडळांची पोरं फोन करताना म्हणायची, "तुमची जोडी पाहिजे, सर. एकटे येऊ नका."

जोडी जमली ती मैदानावर नाही, कारखान्यात. अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्र्यातून डब्यांची झाकणं कापून काढायचा एक कारखाना होता. तिथे शेजारशेजारच्या दोन प्रेसवर आम्ही. सकाळपासून धाड धाड धाड. कानात कापसाचे बोळे घालायचे आणि ते दुपारपर्यंत घामानं कुठे जायचे ते कळायचं नाही. तिथे कोणी कोणाचं ऐकून बोलतच नसे. ओठ बघायचे, हात बघायचे. चहा, बिडी, सुपरवायझर आला, घरून फोन आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. कारखान्याचा कबड्डीचा संघ होता, त्यात तो डाव्या कोपऱ्यात आणि मी उजव्या. आमचे वस्ताद जुन्या चालीचे. ते म्हणायचे, "लागला की हात वर." म्हणजे समोरच्याचा नुसता निसटता स्पर्श जरी झाला, पंचाला दिसला नाही तरी, आपणच हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. आता असं कोणी करत नाही. आता पोरं पंच बघेपर्यंत वाट बघतात आणि मग वर तोंड करून भांडतात.

पंच परीक्षा आम्ही दोघांनी बरोबर दिली, हौस म्हणून. पुढे कारखाना बंद पडला. कोणी रिक्षा घेतली, कोणी शहाडला एका गेटवर वॉचमन झाला. आमच्याकडे शिट्ट्या होत्या. मानधन काही फार मोठं नसतं. शेवटच्या दिवशी नारळ, टॉवेल आणि एक पाकीट. पण जेवण मंडळाकडे, झोपणं शाळेच्या वर्गात बाकं जोडून, आणि प्रवासखर्च वेगळा. दोन माणसांचं भागत होतं. जोडीदाराचं घरही त्यातच चालायचं.

सकाळी त्याला उठवायचं काम माझं. हाक मारून उठायचा नाही, मोबाईलचा गजर वाजून वाजून थकायचा. शेवटी मी त्याच्या पायाचा अंगठा ओढायचो. मला वाटायचं, झोपाळू आहे. कितीतरी दिवस मी त्याला कुंभकर्ण म्हणून चिडवलं.

खरी गोष्ट कळली पेणला. एका चढाईत पोराला तिघांनी दाबून धरला होता. कबड्डीत चढाई करणाऱ्यानं एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. दम तुटला की तो बाद. हल्ली तीस सेकंदांचं घड्याळ आलंय, पण नियमात दम आहेच. तर त्या पोराचा दम तुटला, चांगला मोठ्यानं श्वास घेतला त्यानं, तोही माझ्या जोडीदाराच्या पायाशी पडून. आणि हा ढिम्म. शेवटी पलीकडून मी शिट्टी मारली.

परतीच्या एसटीत मी तडकलो. "झोपला होतास काय? सगळ्या गावाला कळलं, तुला कळलं नाही?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला आणखीच राग आला. मी त्याचा दंड धरून हलवला. तेव्हा तो वळला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "आता बोल. मघाशी तोंड तिकडे होतं माझं."

मी त्याचा दंड सोडला. तोच बोलला. "पाठ होती ना त्या पोराची माझ्याकडे. ओठ दिसले नाहीत."

"ओठ?"

"कबड्डीत ब आहे ना, पंच. ब म्हणायचा तर ओठ मिटावेच लागतात. मिटतायत तोवर दम चालू. मिटायचे थांबले की मी शिट्टी मारतो." मग हसला. "ब आहे म्हणून पोट चालतंय. अजून हुतुतूच असतं ना, तर उपाशी मेलो असतो."

मीही हसलो. मनातल्या मनात हुतुतू म्हणून बघितलं. खरंच, ओठ कुठेच मिटत नाहीत. आणि मग एकदम भरून आलं मला. एसटीत, शेजारी मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, आणि मी डोळे पुसतोय. किती दिवस हा एकटाच हे ओझं घेऊन उभा होता, माझ्या समोर, आणि मी त्याला कुंभकर्ण म्हणत होतो.

आता मागचं सगळं उलगडलं. पंच म्हणून त्याची ख्याती होती ती शब्दाचा कडक म्हणून. पहिल्याच चढाईला तो पोरांना थांबवायचा. "कबड्डी म्हण. पूर्ण म्हण. तोंड उघडून म्हण." हल्लीची पोरं 'कड्डी कड्डी' करतात, नाहीतर नुसतं 'ड्डी ड्डी'. तो ते चालू द्यायचा नाही. जुने खेळाडू खूश व्हायचे, माईकवाला सांगायचा की असे पंच राहिले नाहीत. खरं म्हणजे 'कड्डी'त ब नव्हता, एवढंच.

पेणनंतर आम्ही एक खूण ठरवली. चढाईवाल्याचं तोंड त्याच्या बाजूला असेल तर तो ओठ बघणार. पाठ असेल तर माझ्या उजव्या हाताकडे बघणार. दम चालू आहे तोवर मी मांडीवर बोट आपटत राहणार, प्रत्येक ब ला एकदा. बोट थांबलं की दम तुटला. पांढऱ्या पँटीवर माझं काळं बोट पलीकडून छान दिसायचं. आई म्हणायची, काळा आहेस तर काय, एक दिवस कामाला येईल. नियमांच्या पुस्तकात हे बसत नसेल. पण दोन पंचांनी मिळून निर्णय बरोबर दिला तर कोणाचं काय गेलं? मला ह्यात तेव्हाही काही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वहिनींच्या आग्रहामुळे आम्ही कानाचं मशीनही बघून आलो. उल्हासनगरला कॅम्पात एक सिंधी दुकानदार चष्मे आणि मशीनं दोन्ही विकतो. त्यानं मशीन ह्याच्या कानात बसवलं आणि म्हणाला, "साईं, अब चींटी चलेगी ना, वो भी सुनाई देगी." दुकानात ठीक होतं. बाहेर रस्त्यावर आलो, एका टेम्पोनं हॉर्न मारला आणि ह्यानं दोन्ही हातांनी कान धरले. तरी नेलं आम्ही ते पुढच्या स्पर्धेला. डीजे, माईक, शिट्ट्या, फटाके. मध्यंतरात त्यानं ते काढून खिशात टाकलं. "सगळं एकदम येतं रे. माणूस वेगळा, भोंगा वेगळा, असं नाही येत." ते मशीन मग त्याच्या बॅगेत सुतळीच्या पिशवीत पडून राहिलं.

एकदा देवगडला, दुपारी, शाळेच्या नळावर कपडे धुताना मी विषय काढला. समोर बसलो, म्हणजे त्याला माझे ओठ दिसतील असा. म्हटलं, "पंच, बस कर आता. कधीतरी फसू. घरी राहा."

तो शर्टाची कॉलर घासत होता. म्हणाला, "घरी मी बहिरा आहे."

"आणि इथे?"

"इथे कोण बोलतं? बोनस, हात दाखव. बाद, हात दाखव. गुण, बोटं दाखव. मैदानावर सगळे मुकेच. सगळे माझ्यासारखेच. तिथे मी बहिरा नाही, पंच." त्यानं शर्ट पिळला. "घरी ती बिचारी ओरडून ओरडून दमते. मग बोलायचंच सोडून देते. टीव्ही बघत बसतो दोघं. मैदान गेलं ना, तर मी गेलो असं समज."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्याचं मैदान टिकलं पाहिजे, हे त्या दिवसापासून माझंही काम झालं. आणि खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. त्याच्याशिवाय एसटीच्या त्या लांबच लांब प्रवासात मी कोणाशी भांडणार होतो?

मग बदलापूरची स्पर्धा आली. त्याच्या गावातली. एरवी आम्ही आपल्या गावच्या सामन्याला उभे राहत नाही, पण ऐनवेळी दुसरी जोडी आली नाही आणि मंडळानं गळ घातली. रविवारची दुपार कलती होती, नदीकडून गार वारा येत होता, मैदानाच्या चारी बाजूंना माणसं. बायकांच्या बाजूला वहिनी. त्यांनी आमच्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी डब्यात आणली होती. मला लांबूनच डबा उचलून दाखवला. अंतिम सामना, बदलापूरचा संघ आणि अलिबागकडून आलेला एक संघ.

त्या अलिबागच्या संघात एक चढाईवाला होता, उंच, हसरा. सुरुवातीला माझ्या जोडीदारानं त्याला थांबवून 'कबड्डी म्हण' सांगितलं होतं आणि तोही गुणी पोरासारखा पूर्ण सामनाभर नीट म्हणत होता. शेवटच्या चढाईला बदलापूर एका गुणानं पुढे. डीजे बंद झाला, माईकवालाही गप्प झाला. पोरगा आत गेला, कोपऱ्यातल्याला हात लावला, वळला आणि त्याच क्षणी चौघांनी त्याला खाली घेतला. तो जोडीदाराच्या बाजूला तोंड करून पडला होता आणि हात लांब करून मध्यरेषेकडे सरपटत होता. तोंड तिकडे, म्हणजे माझं बोट नको. मी रेषेकडे वाकून बघत होतो. मैदान इतकं शांत होतं की पोराचा दम सगळ्यांना ऐकू येत होता. कड्डी, कड्डी, कड्डी. चार जण अंगावर, त्यात कबड्डी कुठून निघणार?

माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. शिट्टी वाजली. पोराचा हात रेषेपासून वीतभर लांब. जोडीदारानं हात दाखवला. दम तुटला, बाद.

बदलापूरकरांनी जल्लोष सुरू केला. फटाक्यांची माळ लागली. पण जे जवळ बसले होते ते बदलापूरचे असूनही ओरडत नव्हते, एकमेकांकडे बघत होते. अलिबागची माणसं मैदानात घुसली. "घरचा पंच! बदलापूरचाच आहे तो! विकला गेलाय!" एकानं तर खुर्ची उचलली. जोडीदार मधे उभा. सगळ्यांची तोंडं एकदम हलत असली की त्याला एकही वाचता येत नसे. तो नुसता ह्याच्याकडून त्याच्याकडे बघत होता, हरवल्यासारखा.

सरपंच आले. वयस्क माणूस, आम्हाला दोघांना चांगले ओळखणारे. त्यांनी सगळ्यांना मागे सारलं आणि त्याला समोरून विचारलं, "दम तुटला?"

"तुटला."

"मला तर ऐकू येत होता रे." मग ते माझ्याकडे वळले. "तू सांग. तुला काय ऐकू आलं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. शब्द स्पष्ट नव्हता, साहेब. कड्डी म्हणजे कबड्डी नव्हे, नियमात बसत नाही. शब्दाचा कडक पंच म्हणून त्याची कीर्ती होतीच, लोकांनी मान्य केलं असतं, निदान काहींनी. पण नियम असाही आहे की शब्द चुकला तर आधी ताकीद, लगेच बाद नाही, आणि हे सरपंचांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि तो पोरगा तिथेच उभा होता, गुडघे सोललेले, छाती वरखाली होत होती. मी तोंड उघडलं नाही. जोडीदार माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता.

मग तो त्या पोराकडे वळला. "काय म्हणत होतास शेवटी? म्हणून दाखव."

पोरगा बावरला. "कड्डी, सर. दमलो होतो, कड्डीच निघालं."

"पुन्हा म्हण."

"कड्डी. कड्डी. कड्डी."

ओठ मिटत नव्हते. मला दिसलं आणि त्यालाही दिसलं. जीभ आत हलत होती आणि ओठ उघडेच्या उघडे.

त्यानं शिट्टी गळ्यातून काढली, माझ्या हातात दिली आणि उजवा हात वर केला. सरळ, डोक्याच्या वर, वस्तादांनी शिकवला होता तसा. आपल्याकडे हात वर करणं म्हणजे जबाबदारी झटकणं. त्यानं केला तो उलट कारणासाठी. आणि मग तो बोलला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. पोराचा दम चालू होता. ह्या माझ्या जोडीदाराची चूक नाही. मी बाद आहे."

आणि तो हात तसाच वर ठेवून शेवटच्या रेषेवरून मैदानाबाहेर गेला, बाद झालेला खेळाडू जातो तसा. कोणी हसलं नाही. फटाके उगाच वाजत राहिले, कारण लावलेली माळ मधे थांबवता येत नाही.

सरपंचांनी निकाल फिरवला आणि स्वतः रेषेवर उभं राहून ती चढाई पुन्हा घेतली. अलिबाग जिंकलं. तो उंच पोरगा करंडक घ्यायच्या आधी बाहेर जाऊन त्याच्या पाया पडला, त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली. बदलापूरच्या मंडळाचा एक जण मला म्हणाला, "काकांनी आधी सांगायला पाहिजे होतं ना. आमची ट्रॉफी गेली." माझ्या जिभेवर फार वाईट शब्द आला होता. पण नारळ-टॉवेल घेऊन तोच उभा होता, मी गिळला.

रिक्षात आम्ही तिघं. वहिनी मधे, मांडीवर न उघडलेला डबा.  मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही दोघं कसं बोलता हो? ते बोटाबिटाचं, मघाशी बघितलं मी, मला पण शिकवा ना. मी नुसती ओरडतेच." तो बाहेर बघत होता. त्याला काही कळलं नाही. मी मान हलवली, पण काय शिकवणार होतो? त्या बोटानं फक्त एवढंच सांगता यायचं की चालू आहे, की थांबलं. दुसरं काही सांगायची आम्हाला कधी गरजच पडली नव्हती.

पंच मंडळानं त्याला चांगल्या शब्दांत कळवलं. गुण लिहायला टेबलावर बसा म्हणाले. अंबरनाथच्या एका स्पर्धेत तो बसलाही. पण टेबलावर मान खाली घालून लिहायचं असतं आणि माईकवरून सांगतात ते ऐकायचं असतं. दोन सामन्यांत चार घोळ झाले. त्यानं पेन ठेवलं, पाणी प्यायला आणि सरळ बदलापूरला निघून गेला.

मी एकटा फिरू लागलो. दरवेळी नवा जोडीदार. सकाळी जाग आली की शेजारच्या बाकाकडे हात जायचा, अंगठा ओढायला, आणि मग लक्षात यायचं की तिथे कोणी परका माणूस झोपलाय. मधे एकदा सवड मिळाली तेव्हा बदलापूरला त्याच्या घरी जाऊन आलो. तो खुर्चीत बसलेला, दाढी वाढलेली. म्हणाला, "सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. ओरडताना ओठ वाकडे होतात, मग तेही कळत नाही." वहिनी चहा देता देता कुरकुरल्या, "दिवसभर मोबाईलमध्ये तोंड. आवाजसुद्धा लावत नाहीत. काय बघतात देव जाणे." मी म्हटलं, बघू दे हो, तेवढाच विरंगुळा. मला वाईट वाटलं, पण मी काय बघतोस म्हणून विचारलंही नाही. पुढच्या गाडीची घाई होती.

ह्या हंगामात सांगलीकडे एक मोठी स्पर्धा होती. समोर नवा पंच, एका शाळेत क्रीडाशिक्षक, तरुण, हुशार. पहिल्या दिवसाचे सामने झाल्यावर त्यानं सरपंचांकडे तक्रार केली. "सर, ते समोरून सारखं बोट हलवतात. मांडीवर. माझं लक्ष विचलित होतं. कोणाला इशारा करतात की काय, प्रेक्षकांनाही वाटेल."

मला खरंच माहीत नव्हतं. समोरच्या पंचाकडे कोणी पाठ केली की बोट आपोआप सुरू व्हायचं. सरपंच म्हणाले, "बोट आवरा हो. आता सगळं मोबाईलवर लाईव्ह जातं, उगाच नको ते आरोप होतात." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. बोटं एकमेकांत घट्ट अडकवून. निर्णय सगळे बरोबर गेले, कोणी काही बोललं नाही, पण संध्याकाळपर्यंत खांदे असे दुखले की हात वर होईना.

जेवणाच्या पानावर बसलो होतो तेव्हा मोबाईल वाजला. जोडीदाराचा मेसेज. तो लिहीत फारसा नसे.

"बोट का थांबलं. मला वाटलं दम तुटला. घाबरलो."

मी तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगता येणार नाही. तो रोज बघत होता. मी जिथे जिथे गेलो तिथले सामने, आवाज नसलेला मोबाईल हातात धरून. कॅमेरा एका बाजूला असतो, समोरच्या बाजूचा पंच त्यात पूर्ण दिसतो. खेळाडूंची तोंडं एवढीशी, ओठ काही दिसत नाहीत. माझ्या पांढऱ्या पँटीवरचं काळं बोट तेवढं दिसायचं. घरी बसूनही तो पंचगिरीच करत होता, माझ्या बोटावर. आणि मी ते बोट पाठीमागे लपवून ठेवलं होतं. समोर वाढलेली आमटी तशीच निवली. वाढणारा पोरगा म्हणाला, काका, तिखट झाली का? मी हो म्हटलं.

त्याला उत्तर लिहिलं, "चालू आहे. उद्या बघ."

सकाळी मी सरपंचांकडून कॅमेऱ्यासमोरची तीच बाजू पुन्हा मागून घेतली. नव्या पंचाला म्हटलं, "बाळा, त्रास होत असेल तर माझ्याकडे बघू नकोस. ते तुझ्यासाठी नाहीये." त्याला काय वाटायचं ते वाटलं असेल. पुढच्या वर्षी ते लोक मला बोलावतील की नाही तेही माहीत नाही. पहिला चढाईवाला 'कबड्डी कबड्डी' करत निघाला आणि मी हात पुढे घेतला. मांडीवर, प्रत्येक ब ला एकदा. चढाई संपली, पोरगा आपल्या बाजूला परत गेला, सरपंचांनी गुण दिला, तरी माझं बोट थांबेना. थांबवायची भीती वाटत होती.